एका माशीचे साठ फोटो

माशीच्या डोक्याचा एखादा असा फोटो कुणालाही दाखवा, ज्यात पुढच्या मिशांपासून मागच्या केसांपर्यंत सगळं लख्ख दिसतंय. हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘एआयनं बनवलाय ना?’ थोडाफार कॅमेरा हाताळलेला माणूस म्हणतो, ‘एफ/२२ ला काढला असणार’, म्हणजे भिंगातलं भोक अगदी बारीक करून (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक). दोघांचाही अंदाज चुकतो. आधी दुसऱ्याचं बघू, कारण त्यात शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र कामाला येतं.

भिंग एका वेळी एकाच अंतरावरच्या वस्तूची नेमकी प्रतिमा पाडतं. त्या अंतराच्या थोडं अलीकडे-पलीकडे डोळ्याला चालून जाईल इतपत स्पष्ट दिसतं. त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. लांबच्या डोंगराचा फोटो काढताना हा पट्टा कित्येक किलोमीटरचा असतो. पण वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी (१:१) उमटवायची ठरवली, की एफ/८ ला तो जेमतेम १ मिलिमीटर उरतो. पाचपट मोठी उमटवायची असेल तर एफ/२.८ ला उरतात सुमारे ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल.

मग अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं ते भोक, बारीक केलं तर? पट्टा वाढतो हे खरं, पण प्रकाश ही लहर आहे आणि बारीक भोकातून जाताना ती पसरते. हे विवर्तन. त्यामुळे एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी तबकडी होते. मॅक्रोमध्ये, म्हणजे इतक्या जवळून फोटो काढताना, भिंग सेन्सरपासून लांब जातं, म्हणून १:१ ला एफ/२२ चा परिणाम एफ/४४ सारखा होतो आणि हिरव्या प्रकाशासाठी ती तबकडी ५९ मायक्रॉनची भरते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवरचा एक पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू दहा पिक्सेलभर सांडला. सगळं सारखंच दिसेल, पण सारखंच मऊ. हे नुकसान कुठलंही महागडं लेन्स भरून काढू शकत नाही.

म्हणून अ‍ॅपर्चर मध्यम ठेवायचं, एका फोटोऐवजी अनेक काढायचे आणि ते जोडून एक करायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. कॅमेरा रेलवर बसवून दर वेळी, समजा, २५ मायक्रॉन पुढे सरकवायचा. साठ फ्रेममध्ये दीड मिलिमीटर खोली पार होते. लागोपाठच्या दोन पट्ट्यांनी एकमेकांवर थोडं चढायला हवं, नाहीतर मध्ये अस्पष्ट चिरा राहतात. मग हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर आधी सगळ्या फ्रेम जुळवून घेतं, कारण कॅमेरा सरकला की माशी किंचित लहानमोठीही होते. त्यानंतर प्रत्येक जागेसाठी सर्वांत स्पष्ट फ्रेम निवडतं.

पण ‘स्पष्ट’ म्हणजे काय, हे संगणकाला कळतं कसं? मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. एकटा पिक्सेल स्पष्ट नसतो आणि अस्पष्टही नसतो. त्याच्याकडे फक्त उजेड किती याचा एक आकडा असतो. स्पष्टपणा शेजाऱ्यांमधल्या फरकात असतो. एक धार, म्हणजे गडद भाग संपून उजळ भाग सुरू होतो ती जागा, घ्या: २०, २०, २०, ८०, ८०, ८०. आता प्रत्येक आकड्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहा, म्हणजे मुद्दाम अस्पष्ट करा. मधल्या दोन जागी ४० आणि ६० येतात. मूळ आकड्यातून सरासरी वजा केली की उरतात −२० आणि +२०. आता हीच धार फोकसबाहेरच्या फ्रेममध्ये २०, ३०, ४०, ६०, ७०, ८० अशी आली होती असं समजा आणि तोच उद्योग करा. मधल्या दोन जागी उरतात फक्त साधारण −३ आणि +३. जी आधीच अस्पष्ट आहे, तिला आणखी अस्पष्ट करून फारसं काही हरवत नाही! चिन्ह बाजूला ठेवून ज्या फ्रेममध्ये फरक मोठा, ती फ्रेम त्या जागी फोकसमध्ये.

एवढ्यावर भागत नाही. असे निवडलेले तुकडे नुसते शेजारी ठेवले, तर सांधे दिसतात. याचं उत्तर पीटर बर्ट आणि एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या लाप्लास पिरॅमिडमध्ये आहे. चित्र अस्पष्ट करायचं, फरक बाजूला ठेवायचा, अस्पष्ट चित्राची लांबी-रुंदी निम्मी करायची आणि त्याच्यावर पुन्हा तेच. पहिल्या थरात केसांसारखा बारीक तपशील अडकतो, पुढच्यात डोळ्यांच्या कडा, त्यापुढे मोठ्या छाया, आणि टोकाला टपाल तिकिटाएवढं धूसर चित्र. उलट्या दिशेनं मोठं करत फरक मिळवत आलं, की मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळतं. आता साठही फ्रेमचे असे पिरॅमिड करा, प्रत्येक थरात प्रत्येक जागी सर्वांत मोठा फरक उचला आणि त्यातून एकच चित्र उभं करा. बारीक गोष्टी अरुंद पट्ट्यात सांधल्या जातात, ढोबळ गोष्टी रुंद पट्ट्यात, म्हणून शिवण दिसत नाही. त्या दोघांनी याच पद्धतीनं अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं बेमालूम जोडून दाखवलं होतं.

या पद्धतीची किंमतही आहे. सेन्सरच्या कुरकुरीमुळे, म्हणजे नॉइजमुळे, पिक्सेल उगाच वरखाली होतात. साठांतून दर वेळी सर्वांत मोठा फरक उचलायचा नियम असेल तर ती कुरकूरही निवडून निवडून जमा होते. म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कमी ठेवावा. गुळगुळीत पृष्ठभागासाठी डेप्थ मॅप ही दुसरी पद्धत बरी: तिथे प्रत्येक जागेसाठी फ्रेमचा क्रमांक ठरतो आणि पिक्सेल त्या फ्रेममधून सरळ घेतले जातात. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचा माहली कॅमेरा दगडांचे असे स्टॅक तिथेच एकत्र करतो आणि सगळ्या फ्रेमऐवजी एक स्पष्ट चित्र व अंतराचा नकाशा पृथ्वीवर पाठवू शकतो.

आता एआयचं. स्टॅकिंगमध्ये प्रत्येक तपशील कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये प्रकाशानं नोंदवलेला असतो. ‘एका क्लिकमध्ये तीक्ष्ण’ असं सांगून विकली जाणारी जनरेटिव्ह साधनं मात्र केस कसा दिसत असावा याचा अंदाज करून केस काढून देतात. माश्यांच्या जाती ओळखताना अंगावरच्या राठ केसांची संख्या आणि मांडणी तपासतात. अंदाजानं काढलेला एक केस तिथे सरळ खोटी साक्ष ठरतो. ही दोन्ही तंत्रं एकाच नावाखाली खपवली जातात, याचा मला मनापासून राग येतो.

स्टॅकिंगलाही अडचण आहे, आणि ती सॉफ्टवेअर बदलून जात नाही. डोळ्यासमोर एक केस आडवा आलाय असं समजा. केसावर फोकस करावा तर डोळा धूसर. डोळ्यावर करावा तर तोच केस धुक्यासारखा पसरून डोळ्याचा काही भाग झाकतो. केसाच्या दोन्ही बाजूंच्या त्या चिंचोळ्या पट्टीत डोळा स्वच्छ दिसेल अशी एकही फ्रेम साठांत नसते. अंतिम चित्रात तिथे फिकट वलय उमटतं. अ‍ॅपर्चर थोडं बारीक केलं तर पट्टी अरुंद होते, पण विवर्तन वाढतं. उरलेलं काम हातानं: रीटच ब्रश घेऊन त्यातल्या त्यात बऱ्या फ्रेममधून तेवढा भाग रंगवायचा. किडा जिवंत असेल आणि मध्येच मिशी हलली, तर सॉफ्टवेअर दोन्ही जागांची मिशी इमानेइतबारे ठेवून देतं. तीन मिशांची मुंगी दिसली की मूळ फ्रेम एकेक करून उघडाव्या लागतात, म्हणून अंतिम चित्र तयार झालं तरी त्या पुसू नयेत.