ओगामी इत्तोचा कंटाळा कुठून येतो?

भाडोत्री मारेकरी बनलेला सामुराई ओगामी इत्तो गावात येतो, पाचशे ऱ्यो (सोन्याची जुनी जपानी नाणी) मोजून घेतो, कोणाला मारायचं आणि का मारायचं ते ऐकतो, मारतो आणि आपल्या लहानग्या मुलाची, दाइगोरोची गाडी ढकलत पुढच्या वाटेला लागतो. ‘लोन वुल्फ अँड कब’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, पहिली दहा-बारा प्रकरणं या ठरलेल्या चालीतही श्वास रोखून वाचली जातात. मग कधीतरी धीर सुटतो. पुन्हा तोच सौदा, पुन्हा तसेच उडालेले हात-पाय, आणि मध्ये सापडून मेलेल्यांसाठी नायकाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. वाचकाची ही तक्रार रास्त आहे. तिची मुळं मात्र मालिका कुठे आणि कशी छापली गेली यात आहेत.

कझुओ कोइके यांचं लेखन आणि गोसेकी कोजिमा यांची चित्रं असलेली ही मालिका १९७० ते १९७६ या काळात ‘मांगा अ‍ॅक्शन’ या मोठ्या वयाच्या वाचकांसाठीच्या साप्ताहिकात आली. एकूण १४२ प्रकरणं, २८ खंड. साप्ताहिकाचा कोणताही अंक कोणीही नवा वाचक उचलू शकतो, म्हणून बहुतेक प्रकरणं स्वतंत्रपणे वाचता येतील अशी रचली. गाडी, मोबदला, दोतानुकी तलवार, ‘मेइफुमादो’ म्हणजे नरकवाटेची शपथ, हे सगळं पुन्हा पुन्हा सांगावं लागे. आठवड्याच्या अंतराने ही उजळणी हवीशी वाटते. आज इंग्रजीत १२ जाडजूड खंडांची आवृत्ती मिळते, म्हणजे एका खंडात सरासरी बारा प्रकरणं. दोन बैठकांत तेवढी वाचली तर उजळणीचं ओझं होणारच.

हिंसेचं मूळ आणखी मागे जातं. १९५०च्या दशकात जपानमध्ये भाड्याने पुस्तकं देणारी ‘काशिहोन’ दुकानं होती. त्यांच्यासाठी चित्रकथा काढणाऱ्या योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ मध्ये मुलांच्या मांगापासून आपलं काम वेगळं दाखवायला ‘गेकिगा’ हा शब्द वापरला. त्याच बाजारात सान्पेई शिराटो यांची ‘निंजा बुगेइचो’ १९५९ ते १९६२ मध्ये निघाली. तिच्यातही मुंडकी उडतात, पण तिथे रक्त सांडतं ते सरंजामदारांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध १९६० मध्ये रस्त्यावर उतरलेल्या पिढीने ती आपली मानली. १९६४ पासून ‘गारो’ मासिकात शिराटोंची ‘कामुई-देन’ सुरू झाली, आणि तिच्या चित्रांवर काही काळ कोजिमा यांनीही काम केलं. कुंचल्याचे ते फटकारे, गवतातून धावणाऱ्या माणसांची ती गती इत्तोच्या कथेत जशीच्या तशी आली. बंड करणारा समूह मात्र आला नाही. राहिला एकटा माणूस आणि त्याचा सूड. शिराटो वाचून आलेल्याला इथली हिंसा पोकळ वाटते ती यामुळेच, आणि माझ्या मते ही या मालिकेची खरी उणीव आहे.

दुसरं कारण कोइके यांची पद्धत. आधी पात्र, मग कथानक, असा त्यांचा आग्रह होता. १९७७ मध्ये त्यांनी ‘गेकिगा सोन्जुकु’ ही शिकवणी काढली तेव्हाही हेच शिकवलं. रुमिको ताकाहाशी आणि तेत्सुओ हारा त्यांचे विद्यार्थी. इत्तोचा निर्णय सुरुवातीलाच झालेला असतो. चेंडू की तलवार, असा पर्याय तो अजाण मुलापुढे ठेवतो आणि मूल तलवारीकडे सरकतं. त्यानंतर इत्तो बदलावा अशी लेखकाची इच्छाच नाही. बदलतात ते दाइगोरो आणि इत्तोचा वैरी, याग्यू घराण्याचा रेत्सुदो. पश्चात्तापाची वाट पाहत वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

इत्तोचं आधीचं ‘शोगुनचा कायशाकुनिन’ (शोगुन या लष्करी राज्यकर्त्याच्या वतीने शिरच्छेद करणारा) हे पद कोइके यांनी रचलेलं आहे, आणि रेत्सुदोची गुप्त ‘उरा-याग्यू’ टोळीही काल्पनिक. खरे याग्यू शोगुनचे तलवारशिक्षक होते. त्यांच्यातले मुनेनोरी १६३२ मध्ये सरदारांवर नजर ठेवणारे अधिकारी झाले. एडोतला (आजच्या टोकियोतला) शिरच्छेद आणि तलवारींची चाचणी यामादा आसाएमोन घराण्याकडे होती. सूडालाही नियम होते. आई-वडील किंवा वडीलधाऱ्या नातलगाच्या खुनाचाच सूड घेता येई. त्यासाठी आपल्या सरदाराची परवानगी आणि नोंद लागे. ही प्रथा १८७३ मध्ये कायद्याने बंद झाली. सामान्य माणसाने अपमान केला म्हणून सामुराईने त्याला कापलं, तरी लगेच वर्दी द्यावी लागे आणि साक्षीदार नसेल तर शिक्षा होई. याग्यूंच्या कटात इत्तोची बायको मारली गेली, घराणं बुडालं, पण हा कुठल्याच दप्तरात बसणारा सूड नाही. म्हणून त्याच्या हिंसेला कुठे थांबा नाही.

आवृत्तीनेही फरक पडतो. १९८७ पासून आलेली पहिली इंग्रजी आवृत्ती अर्धवट राहिली. २००० ते २००२ मध्ये २८ खंड पूर्ण निघाले. डावीकडून उजवीकडे वाचता यावं म्हणून पानं आरशासारखी उलटवली, त्यामुळे डाव्या कमरेची तलवार उजवीकडे गेली आणि सगळे सामुराई डावखुरे झाले. त्या २८ खंडांचा आकार खिशात मावेल एवढा. मोठ्या पानासाठी काढलेली शाई त्यात दाटते, झुंजीचे टप्पे ओळखू येत नाहीत आणि उरतो नुसता काळा गोंधळ. मोठ्या आकाराची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी.

धीर सुटला असेल तर एका बैठकीत एकच प्रकरण वाचा. तेही जमत नसेल तर २८ खंडांच्या आवृत्तीतल्या पहिल्या खंडातलं शेवटचं प्रकरण वाचा, कारण चेंडू-तलवारीचा प्रसंग तिथे आहे. मग त्याच आवृत्तीतल्या शेवटच्या काही खंडांकडे जा. तिथे सौदे संपलेले असतात, आणि इत्तो-रेत्सुदोची झुंज कोजिमा इतकी सावकाश काढतात की एकेका वारासाठी पानंच्या पानं जातात.