सायकलसाठी पोलराइज्ड गॉगल: कुणी घ्यावा, कुणी थांबावं

आमच्या दुकानात सायकलसाठी गॉगल बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो: "पोलराइज्ड आहे ना?" पोलराइज्ड म्हणजे वरचा दर्जा आणि साधा म्हणजे तडजोड, अशी समजूत पसरली आहे. ती बरोबर नाही. पोलराइज्ड काच एक ठरावीक काम फार छान करते. ते काम तुमच्या रस्त्यावर किती उपयोगी पडेल, हे तुम्ही कुठे, किती वाजता आणि कोणत्या ऋतूत सायकल चालवता यावर ठरतं. पैसे मोजण्याआधी हे पत्रक वाचून घ्यावं, ही विनंती.

ही काच नेमकं काय करते

उन्हातल्या प्रकाशलहरी सगळ्या दिशांनी कंप पावत असतात. तोच प्रकाश पाण्यावरून, ओल्या डांबरावरून किंवा मोटारीच्या उतरत्या काचेवरून परावर्तित होतो, तेव्हा त्यात आडव्या कंपनाचा भाग जास्त उरतो. डोळे दिपवणारी चकाकी ती हीच. पोलराइज्ड काचेत एक पातळ फिल्म असते. ती आडवा भाग अडवते आणि उभा जाऊ देते, त्यामुळे चकाकी विझते आणि तिच्याखाली झाकलेलं दिसू लागतं.

परावर्तित प्रकाशाचा हा गुण १८०८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एतियेन-लुई मालुस यांना सापडला. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारं मावळतीचं ऊन ते कॅल्साइट या खनिजाच्या स्फटिकातून पाहत होते. स्फटिक फिरवला की त्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता बदलत होती. (कॅल्साइटचे स्फटिक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांतही मिळतात. एखादा स्वच्छ पारदर्शक तुकडा हाती लागला तर छापील ओळीवर ठेवून बघा, अक्षरं दुहेरी दिसतात.) आज गॉगलमध्ये वापरतात तशा फिल्मची सुरुवात अमेरिकेतल्या एडविन लँड यांनी केली. त्यांनी पेटंटसाठी १९२९ साली अर्ज केला होता.

दुकानात आलात की हे स्वतः करून बघा. आमच्या काउंटरच्या काचेवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडते आणि तिच्यामुळे खाली मांडलेल्या फ्रेम नीट दिसत नाहीत. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून तिरकं बघितलंत की ती रेघ जवळजवळ नाहीशी होते आणि फ्रेमवरचे आकडेसुद्धा वाचता येतात. आता गॉगल हळूहळू फिरवून उभा धरा. रेघ परत उजळते. नुसत्या काळ्या काचेचा गॉगल कितीही फिरवा, काहीच बदलत नाही. कुठल्याही दुकानात पोलराइज्ड म्हणून दिलेला गॉगल खरोखर तसा आहे का, हे ओळखायला एवढी परीक्षा पुरते.

सायकलवरून बघताना मात्र

ही जादू सगळ्या कोनांतून सारखी चालत नाही. पाण्यावरची चकाकी ही काच पुरती विझवते, ती तुमची नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तेव्हाच. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे रस्त्यापासून दीड मीटरच्या आसपास उंचीवर असतात. म्हणजे हा कोन जुळतो तो तुमच्यापुढच्या जेमतेम दोन मीटरवर. ताशी २५ किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला सात मीटर जाता, तेव्हा दोन मीटरवर दिसलेल्या गोष्टीचं काही करायला वेळच उरत नाही.

तुमची नजर असायला हवी दहा-पंधरा मीटर पुढे. तिथून येणारा प्रकाश रस्त्याला जवळजवळ समांतर येतो आणि त्यात आडव्या-उभ्या कंपनांतला फरक कमी झालेला असतो. दहा मीटरवरच्या डबक्याची चकाकी पोलराइज्ड काच, तेवढ्याच गडद साध्या काचेच्या तुलनेत, साधारण चौथ्या हिश्श्यानेच जास्त कापते. मासेमारी करणारे आणि होडीतले लोक या काचेचं इतकं कौतुक करतात, ते त्यांना होडीच्या कडेवरून खाली पाण्यात बघायचं असतं म्हणून. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो जसाच्या तसा सायकलवर आणता येत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करू. समोरून थेट डोळ्यांत येणारं कोवळं ऊन पोलराइज्ड नसतं. सकाळी पुण्याहून पूर्वेकडे तोंड करून सोलापूर रस्त्याने निघालात तर सूर्याचा त्रास ही फिल्म खास कमी करणार नाही. तिथे काचेचा गडदपणा आणि हेल्मेटखाली घातलेल्या टोपीचं टोक कामाला येतं. काँक्रीटच्या कोरड्या रस्त्याचंही तसंच. तो प्रकाश खडबडीत पृष्ठभागावरून सगळीकडे विखुरतो, त्यामुळे चांगली साधी गडद काच तिथे तेवढंच समाधान देते.

कुणी जरूर घ्यावा

ऑक्टोबर ते मे या काळात दिवसभराच्या लांब फेऱ्या करणाऱ्यांनी. कोकणात किनाऱ्याने जाणाऱ्यांनी तर नक्कीच. रत्नागिरीजवळ आरे-वारेला रस्ता उंचावरून जातो आणि समुद्र खाली पसरलेला असतो. तिथे या काचेतून पाण्याचा रंग दिसतो आणि तासन्‌तास डोळे बारीक करून बघण्याचा शीण वाचतो. संध्याकाळी डोकं चढत असेल तर हा फरक लगेच जाणवेल.

दुसरा उपयोग शहरातला आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रस्त्याकडेला लावलेल्या मोटारीच्या मागच्या उतरत्या काचेवर आभाळ चमकत असतं आणि आत कुणी बसलंय का ते कळत नाही. पोलराइज्ड काचेतून ती चमक कमी होते, ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतं आणि दार अचानक उघडण्याची शक्यता तुम्ही आधीच हेरता. चौकात समोरच्या मोटारवाल्याचं आपल्याकडे लक्ष आहे का, हेही पुढच्या काचेतून जास्त स्पष्ट दिसतं. बाजूच्या उभ्या खिडक्यांच्या बाबतीत मात्र हा फायदा मिळत नाही, कारण त्यांच्यावरची चमक वेगळ्या दिशेची असते. मोटारींच्या काचांवर कधी निळसर-जांभळे ठिपके दिसले तर घाबरू नका. काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण त्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. तुमच्या गॉगलमध्ये दोष नाही.

पावसाळ्यात नको

याबाबतीत आमचं मत पक्कं आहे. पहिल्या सरी पडल्या की डांबरावर साठलेलं तेल वर येतं. घाटाच्या वळणावर सांडलेलं डिझेल, झेब्रा क्रॉसिंगचे ओले पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक ही सगळी घसरायची ठिकाणं. ती ओळखायला तुमच्या डोळ्यांजवळ एकच खूण असते, ती म्हणजे त्यांची चमक. ओला भाग चमकतो आणि कोरडा चमकत नाही, यावरूनच आपण नकळत हँडल सावरतो आणि ब्रेक हलका करतो. पोलराइज्ड काच हीच खूण फिकी करते. डिझेलचा सप्तरंगी तवंग तर तिच्यातून जवळ येईपर्यंत लक्षातच न येण्याची शक्यता असते.

या काचेतून पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा तळ दिसतो, असंही सांगितलं जातं. पाणी नितळ असेल तर दिसतो. आपल्याकडे जुलैत खड्ड्यात असतो गढूळ चहाच्या रंगाचा चिखल. त्याचा तळ कुठल्याही काचेतून दिसत नाही. चमक गेली की खड्डा आहे हेच उशिरा कळतं, म्हणजे उलट नुकसान.

शिवाय ही फिल्म साध्या प्रकाशाचाही जवळपास निम्मा भाग खाते, त्यामुळे पोलराइज्ड काच फार फिकी बनवताच येत नाही. ढगाळ दिवसांत ती नको इतका अंधार करते. जून ते सप्टेंबर पारदर्शक किंवा हलकी पिवळसर काच वापरा. पाणी न धरणारं कोटिंग असेल तर उत्तम.

गडदपणाचे क्रमांक

काडीच्या आतल्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर ० ते ४ यांपैकी एक क्रमांक असतो. ० म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो, १ म्हणजे ४३ ते ८०, २ म्हणजे १८ ते ४३, ३ म्हणजे ८ ते १८ आणि ४ म्हणजे ३ ते ८ टक्के. बहुतेक पोलराइज्ड गॉगल ३ क्रमांकाचे असतात. भर उन्हात ते योग्य. ४ क्रमांकाचा गॉगल बर्फाळ डोंगरांसाठी असतो, तो घालून रस्त्यावर वाहन चालवू नये, आणि सायकल हेही वाहनच आहे.

पुण्याहून जुन्या कात्रज घाटाने जाणाऱ्यांना बोगद्याचा अनुभव असेल. लख्ख उन्हातून ३ क्रमांकाची काच घालून आत शिरलं की काही क्षण समोर काहीच दिसत नाही. गॉगल बोगद्याच्या आधीच खाली सरकवा. झाडांच्या गर्द सावलीतही हीच अडचण येते, कारण उन्हातून सावलीत जाताना नेमका सावलीतला खड्डा नजरेतून सुटतो. पहाटे अंधारात निघून नऊ-दहाला परतणाऱ्यांना आम्ही पोलराइज्डऐवजी उन्हात आपोआप गडद होणारी काच सुचवतो. ती गडद व्हायला थोडाच वेळ घेते, फिकी व्हायला मात्र काही मिनिटं लागतात, आणि कडक उन्हाळ्यात ती थंडीतल्याइतकी गडद होत नाही. बोगद्यासाठी तिचा उपयोग नाही, पण पहाट ते सकाळ या फेरीला तिच्यासारखी सोय दुसरी नाही.

स्क्रीनची अडचण

मोबाइल आणि सायकल कॉम्प्युटरच्या बऱ्याच स्क्रीनमध्येही पोलराइज्ड फिल्म असते. दोन फिल्मच्या दिशा एकमेकींना आडव्या आल्या की स्क्रीन काळी पडते. उभा धरल्यावर दिसणारा मोबाइल हँडलवर आडवा लावला की कोरा दिसू शकतो. म्हणून गॉगल घ्यायला येताना तुमचं उपकरण बरोबर आणा आणि ज्या स्थितीत लावता त्याच स्थितीत धरून बघा. नकाशा बघत नवीन रस्त्यांवर जाणाऱ्यांसाठी ही गोष्ट रंगापेक्षा आणि ब्रँडपेक्षा महत्त्वाची आहे.

यूव्हीचं संरक्षण वेगळं

पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरणांपासून संरक्षण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॉगलवर यूव्ही ४०० लिहिलेलं असावं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात. गडद पण संरक्षण नसलेली काच वाईटच, कारण तिच्यामागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला जास्त वाट मिळते. वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ खाणाऱ्यांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढत येतं. शेतकरी आणि कोळी बांधवांत ते बरंच दिसतं. रोज सायकल चालवणाऱ्यांनी पोलराइज्ड नाही घेतला तरी चालेल, यूव्ही संरक्षण आणि बाजूने झाकणारी फ्रेम यांत मात्र काटकसर करू नये. तुमचा जुना गॉगल आणलात तर तो आमच्या यूव्ही मीटरवर तपासून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

काच कशाची असावी? पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकची. ट्रकच्या टायरखालून उडालेला खडा तिला सहजी फोडू शकत नाही, आणि यूव्ही ती मुळातच अडवते. तिच्यावर ओरखडे मात्र लवकर उठतात, म्हणून कडक कोटिंग मागून घ्या. खरी काच सायकलवर कधीच नको. स्वस्त पोलराइज्ड गॉगलमध्ये फिल्मचे थर नुसते चिकटवलेले असतात. असा गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि तो हळू हलवा. चौकटीची कड लाटेसारखी वाकत असेल तर परत ठेवा. अंतराचा अंदाज चुकवणारी काच उतारावर घातक ठरते.

नंबर असलेल्यांसाठी

वळणदार फ्रेममध्ये मोठा नंबर बसवला की कडेला सरळ रेषा वाकड्या दिसतात. त्यामुळे मोठ्या नंबरवाल्यांना आम्ही कमी वळणाची फ्रेम किंवा आतून अडकवायची नंबरची जोडकाच सुचवतो. नंबरची पोलराइज्ड काच बसवताना फिल्मची दिशा दोन्ही डोळ्यांना अगदी सारखी यावी लागते. एक बाजू थोडी जरी फिरली तरी ओला रस्ता एका डोळ्याला चमकदार आणि दुसऱ्याला मंद दिसतो आणि डोकं दुखायला लागतं. घेताना एकेक डोळा मिटून काउंटरवरची ट्यूबची रेघ बघा. ती दोन्ही डोळ्यांना सारखीच विझली पाहिजे. तशी विझली नाही तर आम्ही काच बदलून देतो.

खाली वाकून रेसिंग हँडल धरणारे लोक काचेच्या वरच्या भागातून बघतात. त्यांच्यासाठी फ्रेमची वरची कड भुवयांच्या वर जायला हवी, नाहीतर नेमका रस्ता फ्रेमच्या काठामागे लपतो. म्हणून बसवून बघताना सायकलवर वाकता तसंच वाका. त्यासाठी दुकानात एक हँडलबार लावून ठेवला आहे.

येताना हेल्मेट, मोबाइल किंवा सायकल कॉम्प्युटर आणि नंबरचा कागद बरोबर असू द्या. नंबर वर्षापेक्षा जुना असेल तर आधी डोळे तपासू. गॉगल घरी नेल्यावर धूळ आधी पाण्याने धुवा, मग मऊ कापडाने टिपा. टी-शर्टने कोरडं पुसू नका. मोटारीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका, उष्णतेने फिल्मचे थर सुटतात आणि अशी सुटलेली काच दुरुस्त होत नाही.