सेट-टॉप बॉक्स लावला, म्हणून टीव्ही आंधळा होत नाही

‘स्मार्ट टीव्हीला फक्त ॲपवर काय पाहता तेवढंच कळतं, सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी लावली की संपलं.’ हा समज अजून पक्का आहे, आणि चुकीचा आहे. चित्र कुठूनही येवो, उमटतं ते टीव्हीच्याच पडद्यावर. त्यातले मोजके पिक्सेल टीव्ही टिपतो, सर्व्हरकडे पाठवतो, आणि तिथल्या कार्यक्रमांच्या साठ्याशी ते जुळवले जातात. त्याला ना कॅमेरा लागतो, ना माइक.

अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने २०१४ पासून १ कोटी १० लाख टीव्हींवर हेच केलं, तेही सेकंदासेकंदाला. आधी विकलेल्या टीव्हींतही ही सोय परस्पर घातली. माहिती इतर कंपन्यांना विकली. सेटिंगचं नाव काय, तर ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’! त्यावरून कोणाला काय उमगणार? २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचं हित पाहणारी तिथली सरकारी संस्था) आणि न्यू जर्सी राज्य यांच्या दाव्यात कंपनीने २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

नावं आजही अशीच गुळमुळीत. एलजीच्या टीव्हीत ‘लाइव्ह प्लस’ शोधा आणि बंद करा. टीव्हीचं इंटरनेटच तोडलं, तर पाठवणीच थांबते.