सोलापूरच्या उन्हात गळून पडणारा धातू

डिसेंबरच्या पहाटे सोलापुरात पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा गॅडोलिनियम या दुर्मिळ मृदा धातूचा तुकडा साध्या फेराइट चुंबकाला लोखंडासारखा चिकटतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की तोच तुकडा गळून पडतो. या धातूचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर त्याचं लोखंडासारखं चुंबकत्व हरपतं ते तापमान, सुमारे २० अंश सेल्सिअस (२९३ केल्व्हिन) आहे. पडताळून पाहायचं असेल तर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आधी बर्फाच्या आणि मग कोमट पाण्यात बुडवा. भांडं काचेचं घ्या. नियोडिमियमचा जोरदार चुंबक मात्र वापरू नका. क्युरी तापमानाच्या वरही गॅडोलिनियम त्याच्याकडे थोडा ओढला जातो आणि फरक नीट कळत नाही.

गॅडोलिनियमच्या प्रत्येक अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे तो अणू इवलासा चुंबक बनतो. पण हे इलेक्ट्रॉन, 'चार-एफ' कक्षेतले, अणूच्या आत खोल दडलेले असतात. शेजारच्या अणूपर्यंत त्यांचा हात पोचतच नाही. मग शेजाऱ्याची दिशा त्यांना कळते कशी? निरोप नेतात ते धातूभर फिरणारे वाहक इलेक्ट्रॉन. रुडरमन, किट्टेल, कासुया आणि योसिदा या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५४ ते १९५७ दरम्यान याचं गणित मांडलं. या निरोपाची खुबी अशी की अंतर बदललं की त्याचा अर्थ उलटतो: एका अंतरावर 'माझ्यासारखा राहा', जरा पुढे 'माझ्या उलट राहा'. त्यामुळे गॅडोलिनियममध्ये दुसरा धातू मिसळून अणूंमधलं अंतर आणि वाहक इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की चुंबकीय क्रमही बदलतो.

सोलापुरी जॅकार्ड चादर उलटून पाहा. नक्षी तीच, पण रंगांची अदलाबदल झालेली. आता एक फूल सुलट बाजूचं, पुढचं उलट बाजूचं, अशी चादर विणली आहे असं समजा. फुलाचा आकार तोच राहील, पण रंगासकट नक्षी पुन्हा जुळायला दुप्पट अंतर लागेल. प्रतिलोहचुंबकी स्फटिकात, म्हणजे ज्यात शेजारचे अणुचुंबक एकमेकांच्या उलट दिशांना असतात त्यात, मांडणी अशीच असते. बाहेरून बेरीज शून्य, आत मात्र कडक शिस्त.

गॅडोलिनियमचा एक आणि इंडियमचे तीन अणू असलेलं संयुग सुमारे ४५ केल्व्हिनला या शिस्तीत येतं. त्याचे स्फटिक वितळलेल्या इंडियममध्ये वाढवता येतात. १ ग्रॅम गॅडोलिनियमला साधारण ६.५ ग्रॅम इंडियम घेऊन ते ॲल्युमिनाच्या मुशीत ठेवायचं आणि मूस निर्वात क्वार्ट्झ नळीत सीलबंद करायची. धातू थेट क्वार्ट्झला लागू द्यायचा नाही, कारण दुर्मिळ मृदा धातू त्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. भट्टी १०५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही तास स्थिर ठेवायची आणि मग तासाला दोन-तीन अंश इतक्या संथ गतीने उतरवायची. घाई केली की एका मोठ्या स्फटिकाऐवजी बारीक चुरा हाती येतो. शेवटी नळी गरम असतानाच उलटी करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की उरलेलं द्रव इंडियम निथळून जातं.

ते पूर्ण निथळत नाही, आणि खरी फसगत तिथेच होते. इंडियम ३.४ केल्व्हिनला अतिसंवाहक बनतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. स्फटिकात त्याचा कण अडकला असेल तर चुंबकीय मोजणीत त्या तापमानाला अचानक घसरण दिसते आणि नवखा संशोधक नवा शोध लागला म्हणून हरखतो. म्हणून अशा संयुगाच्या आलेखात ३.४ जवळ काही दिसलं तर आधी संशय इंडियमवर घ्यायचा. खरा चुंबकीय क्रम उष्माधारकतेतही (तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेतही) दिसायला हवा, कारण विस्कळीत अणुचुंबक ओळीत येताना बरीच एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था, सोडतात. तिथे टोकदार शिखर नसेल तर चुंबकीय मोजणीतल्या छोट्या खड्ड्यावर भिस्त ठेवू नये.

आतली नक्षी प्रत्यक्ष पाहायला न्यूट्रॉन लागतात, कारण न्यूट्रॉन स्वतःच छोटा चुंबक असतो. नक्षी दुप्पट अंतराने जुळत असेल तर स्फटिकावरून विखुरलेल्या न्यूट्रॉनांच्या आलेखात एरवी रिकाम्या असणाऱ्या जागी नवी शिखरं उमटतात. पण नैसर्गिक गॅडोलिनियम न्यूट्रॉन प्रचंड प्रमाणात गिळतो. त्याला १५५ आणि १५७ अणुभारांक असलेली समस्थानिकं (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) कारणीभूत आहेत. म्हणून एक तर ती वगळलेला महागडा गॅडोलिनियम वापरून स्फटिक वाढवावा लागतो, नाही तर सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्रातून मिळणाऱ्या प्रखर क्ष-किरणांकडे वळावं लागतं.