वाळूतला पाइल आणि कोट्यवधी लाटा

पुण्यात पाया खणला की आधी मुरूम लागतो, मग काळा कातळ. पुलाचा पाइलसुद्धा (जमिनीत खोल उतरवलेला पायाचा खांब) इथे शेवटी कातळातच टेकवतात आणि सगळे निश्चिंत होतात. त्यामुळे वाळूत उभ्या पाइलवर भार पुन्हा पुन्हा येत राहिला तर काय होतं, हा प्रश्न शहरातल्या साइटवर सहसा निघत नाही. तो निघतो इथल्या डिझाइन ऑफिसांत, किनाऱ्यावरच्या जेटीचं किंवा पवनचक्कीचं काम टेबलावर आलं की.

वाळूत खुंट ठोकणं जुनंच. ॲमस्टरडॅमचा राजवाडा 17व्या शतकापासून 13,659 लाकडी खुंटांवर उभा आहे आणि ते खालच्या वाळूच्या थरावर टेकले आहेत. पण राजवाड्याचं वजन जागचं हलत नाही. लाट येते, ढकलते, परत जाते. हा भार गांभीर्याने घ्यावा लागला तो समुद्रात तेलाचे प्लॅटफॉर्म उभे राहू लागल्यावर.

1966 साली टेक्सासच्या मस्टँग बेटावर वाळूत ठोकलेल्या 61 सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी पाइलना आडवा भार देऊन पाहिला. रीझ, कॉक्स आणि कूप या अभियंत्यांनी 1974 मध्ये त्यावरून मांडलेली आडव्या भाराच्या हिशेबाची पद्धत पुढे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या नियमावलीत गेली. तिच्या आजच्या प्रचलित सूत्रात वारंवार येणाऱ्या भारासाठी वाळूच्या विरोधाला लावायचा 0.9 हा एकच गुणक आहे. लाटा शंभर असोत की कोटी, गुणक तोच. वादळात प्लॅटफॉर्म तग धरेल का, एवढंच विचारायचं असेल तर हे चालून जातं.

उभ्या भाराची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त रंजक. पाइल ठोकताना घणाचा प्रत्येक घाव हाही एक वारंवार भारच. पाइलला चिकटून असलेला वाळूचा पातळ थर दर घावाला थोडा आकसतो, बाजूने येणारा दाब घटतो आणि घर्षण कमी होतं. म्हणून पाइल खोल जाईल तसं वरच्या भागातलं घर्षण आधीपेक्षा कमी भरतं. 1980 च्या सुमारास याला ‘फ्रिक्शन फटीग’, म्हणजे घर्षणाचा थकवा, हे नाव मिळालं. लाटांनी पाइल वरखाली ओढला-दाबला गेला की हेच घडतं. पण भार हलका असेल तर उलटही होतं: फ्रान्समधल्या डंकर्क इथल्या चाचण्यांत हलक्या भाराच्या आवर्तनांनंतर (भार देणं आणि काढणं म्हणजे एक आवर्तन) काही पाइलची क्षमता वाढलेली दिसली.

मग आल्या समुद्रातल्या पवनचक्क्या. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हमध्ये 2002 साली 80 चक्क्या एकेका मोनोपाइलवर, म्हणजे एकाच जाड पाइलवर, उभ्या राहिल्या. दर 10 सेकंदांना एक लाट धरली तरी 20 वर्षांत 6 कोटींवर लाटा होतात. इथे पाइल मोडण्याची भीती कमी, कलण्याची जास्त. वापराच्या काळात साठणारा कल साधारण 0.25 अंशांत ठेवायचा असतो. 80 मीटर उंचीवर तेवढ्यानेही माथा सुमारे 35 सेंटिमीटर सरकतो.

2010 मध्ये लेब्लांक, हौल्स्बी आणि बर्न या संशोधकांनी प्रयोगशाळेत छोट्या पाइलवर हजारो आवर्तनं दिली. कल आवर्तनांच्या संख्येच्या 0.31 व्या घातानुसार वाढत गेला, म्हणजे आवर्तनं शंभरपट झाली की कल साधारण चौपट. गंमत अशी की त्याच वेळी पाइलचा ताठरपणा वाढत होता. डबा हलवल्यावर तांदूळ खाली बसावेत तशी वाळू घट्ट होते, पण पाइल सरकलेला तो सरकलेलाच. पूर्ण एका बाजूने ढकलण्यापेक्षा ढकलून थोडं उलट ओढणं अधिक त्रासदायक ठरलं, हेही तेव्हाच दिसलं.

आपल्याकडे आयएस 2911 या पाइलसाठीच्या भारतीय मानकाच्या चौथ्या भागात ‘सायक्लिक’ चाचणी आहे. जॅक, वर ठोकळ्यांचा ढीग, कडेला पाइल किती खचला ते मोजणारे डायल गेज. भार वाढवायचा, सोडायचा, पुन्हा वाढवायचा. नाव ऐकून गैरसमज होतो. ती टोकाचा आधार आणि बाजूचं घर्षण वेगळं काढण्यासाठी असते. तिच्यात आवर्तनं मोजकीच, भारही उभा. तिच्यावरून 20 वर्षांच्या लाटांचा अंदाज बांधता येत नाही.