पेशीपटल म्हणजे चाळणी नव्हे

‘पेशीपटल ही चाळणी आहे, लहान कण आत जातात, मोठे अडतात.’ पेशीभोवतीच्या पातळ आवरणाबद्दलचं हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पटण्यासारखं आहे, कारण ऑक्सिजनसारखे लहान रेणू खरोखरच सहज आत शिरतात.

पण सोडियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, ऑक्सिजनच्या रेणूपेक्षाही लहान, तरी तो अडतो. उलट त्याहून कितीतरी मोठी, पण मेदात विरघळणारी स्टेरॉइड संप्रेरकं आरपार जातात. म्हणजे नुसता आकार कामाचा नाही. पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं असतं, जाडी जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर. रेणूंची पाण्याला धरणारी डोकी बाहेरच्या बाजूंना, पाणी टाळणाऱ्या शेपट्या मध्ये. या तेलकट मधल्या भागातून विद्युतभार असलेला आयन जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी प्रथिनांची खास दारं असतात. काही प्रथिनं तर ऊर्जा खर्चून पंपासारखी राबतात: ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. चाळणी असं कधी करत नाही!

पडताळायचं असेल तर ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि मिठाचं दाट पाणी सोडा. थोड्या वेळात पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून, म्हणजे पटलाबाहेरच्या कडक भिंतीपासून, सुटून आक्रसतो. मीठ चाळणीतून गेल्यासारखं आत गेलं असतं, तर दोन्हीकडचं प्रमाण सारखं होऊन पेशी अशी आक्रसून राहिली नसती.