स्पीडोमीटर नसलेली गाडी

अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीत गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळतात, पण त्यांच्यात स्पीडोमीटर नसतो. ट्रॅकवर त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते टायर बदलायला, इंधन भरायला पिटमध्ये शिरताना. तिथे वेगमर्यादा असते. डेटोनाच्या ट्रॅकवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. मार्टिन्सव्हिलच्या छोट्या ट्रॅकवर ३० मैलच. मग चालकाला वेग कळतो कसा? इंजिनाच्या फेऱ्यांवरून. गिअर ठरलेला, टायरचा घेर ठाऊक. मिनिटाला किती फेरे पडले की मर्यादा गाठली जाईल, हे संघ आधीच काढून ठेवतो.

पंचांचं गणित त्याहून सोपं. पिटच्या रस्त्याचे तुकडे पाडलेले असतात. तुकड्याची लांबी भागिले लागलेला वेळ, झाला सरासरी वेग. आता सरासरी म्हटली की पळवाट आलीच! ज्या तुकड्यात गाडी थांबते तिथे वेळ आपसूक वाढतो, म्हणून त्यात थोडं जास्त पळवलं तरी खपून जातं. चालक हे पुरेपूर वापरतात.

हा नियम १९९१ च्या हंगामात आला. आदल्या नोव्हेंबरात अटलांटाला एक गाडी पिटमध्ये घसरत आली आणि टायर बदलणारा एक कर्मचारी दोन गाड्यांमध्ये चिरडून गेला. तोवर पिटमध्ये कितीही वेगाने शिरता येई. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८८ च्या तुलनेत ३०० च्या वेगात ती जवळपास बारा पट असते.

चालकाच्या मानेची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. गाडी भिंतीवर आदळते तेव्हा पट्टे धड धरून ठेवतात, पण डोकं हेल्मेटच्या वजनासकट पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळावर येतो. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत नॅसकारचं अजिंक्यपद सात वेळा जिंकलेले चालक डेल अर्नहार्ट गेले, तेव्हा त्यांच्या कवटीचा तळ मोडलेला होता.

यावरचा उपाय ‘हान्स’: खांद्यांवर, पट्ट्यांखाली बसणारी कडक कॉलर आणि तिला हेल्मेट बांधणाऱ्या दोऱ्या. धड थांबलं की डोकंही थांबतं. नॅसकारने डोकं-मान धरणारं असं साधन सक्तीचं केलं ऑक्टोबर २००१ मध्ये. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी मात्र ते १९८० च्या दशकातच बनवलं होतं, मेहुणे जिम डाउनिंग यांच्या आग्रहावरून. डाउनिंग स्वतः शर्यतीत गाडी चालवत आणि ते गळ्यात घालूनच उतरत.